शुद्धिपत्र

महालेखाकार कार्यालयात बत्तीस वर्षं
मी दुसऱ्यांचे आकडे तपासले.
पुस्तकंही तशीच वाचतो,
कानावर हिरवी पेन्सिल,
आधी परिशिष्ट, मग प्रस्तावना.

युद्धावरची जाडजूड पुस्तकं मला नकोत.
सेनापती घोड्यावर बसून पुतळा होतो,
त्या घोड्याचा चंदी-चारा कुणी मोजला
ते मला हवं असतं.
माझ्या फळीवर आहे
छावणीतल्या भट्ट्यांचा वृत्तांत, पाव किती कच्चे निघाले त्यासकट;
एका तारमास्तरानं फक्त तुटलेल्या तारांबद्दल लिहिलेलं पुस्तक;
तंबूच्या खुंट्यांवर बारा पानांचं चोपडं,
ज्याचं मुखपृष्ठ उंदरानं नेलं.
माधवगंजातले शेजारी म्हणतात,
भडकमकरांना लढायांचा नाद, आणि आंबा कापताना सुरीला भितात.
खरं आहे.

मुन्नालाल शिवहरे दौलतगंजात रद्दी घेतो.
मेळ्याचे दिवस होते, थंडी दातांत शिरलेली.
तराजूतून त्यानं एक पुस्तक बाजूला काढलं.
"आपके मतलब का है, साब. इसमें कोई लड़ता ही नहीं."
पैसे घेतले गजकाच्या एका पुड्याइतके.

'बसऱ्याकडील खेचरांचा हिशेब'.
रंगनाथ बापूजी मुळ्ये, कारकून, संस्थानी वाहतूक दल.
छपाई जिवाजीगंजात, स्वखर्चानं, प्रती दोनशे.

मुळ्यांना उपमा येत नाहीत.
ते लिहितात, आज पाऊस. नाल सत्तेचाळीस. खिळे कमी.
लिहितात, रात्री तोफा. तीन खेचरांनी दावी तोडली. दोन परत आली.
तिसरे सकाळी तुर्कांच्या बाजूने चरत आले,
प्रकृती बरी दिसली.
शत्रूपेक्षा चिखलावर त्यांचा राग जास्त.
एका जागी फक्त एवढंच, 'हे पान भिजले आहे.'

मी बेरीज धरत गेलो.
ग्वाल्हेरहून निघाली तीनशे बारा, वाटेत घेतली नऊ.
मेली एकशे अठरा, हरवली सतरा, बुडाली पाच.
परतली एकशे एक्क्याऐंशी.
पृष्ठ त्रेसष्टवर हिशेब काट्याला काटा जुळला.
इतका स्वच्छ ताळा मी सरकारी वहीतही क्वचित पाहिला.
हिरवी खूण केली,
चहा ठेवायला उठलो.

मग मागच्या पुठ्ठ्याला खळीनं चिकटवलेली
दोन बोटं रुंद चिठी दिसली.

पृष्ठ १४, 'मार्च' ऐवजी 'मे' वाचावे.
पृष्ठ ३०, 'जव' ऐवजी 'जवस' वाचावे.
पृष्ठ ६३, 'खेचरे बुडाली, पाच' ऐवजी
'खेचरे बुडाली, चार; ड्राबी, एक' वाचावे.

ड्राबी म्हणजे खेचर हाकणारा.
नाव नाही. गाव नाही.
जवसानंतर लगेच, त्याच टायपात.

चहा उतू गेला.

बेरीज आता एकानं चुकते.
कुठेतरी एक खेचर जादा आहे,
वहीबाहेर, जिवंत,
पाठीवर कुणाची तरी पडशी घेऊन उभं.
मुळ्यांना हे कळलं नसेल?
जो माणूस खिळे मोजतो, त्याला?
मला वाटतं त्यांना रात्री कधीतरी आठवलं,
पुस्तक छापून, बांधून, घरी आल्यावर;
आणि ताळा मोडू दिला त्यांनी.
दोनशे चिठ्या. दोनशे वेळा बोटाला खळ.
बहुधा बायकोनं विचारलंही असेल,
एवढं काय चिकटवताय.

दुसऱ्या दिवशी मेळ्यात गेलो, जनावरांच्या बाजूला.
खेचरं होती सहा-सात. मी कुणालाच ओळखलं नाही.
परतताना मुन्नालाल म्हणाला, "कुछ निकला उसमें?"
मी म्हणालो, एक माणूस निकला.
तो वजनाकडे बघत होता, त्यानं ऐकलं नाही.

घरी पृष्ठ त्रेसष्टच्या समासात
जुन्या सवयीनं लिहिलं,
'आक्षेप क्रमांक एक.
एका इसमाचे नाव नोंदलेले नाही. खुलासा करावा.'
खाली सही केली, तारीख घातली.
मुदत घातली नाही.