ब-खराब

पहाणीच्या कागदावर आमच्या तळ्याला नाव नाही.
तलाठ्यानं बोट ठेवून दाखवलं :
ब-खराब, चार एकर नऊ गुंठे.
लिहिलेलं कन्नडमध्ये, पण एवढं मला वाचता येतं.

ते खराब मी केलं. थोडंथोडं, सात वर्षं.
उद्यमबागेतल्या फाउंड्रीची जळकी वाळू,
साच्यातून पडलेली, काळी, हाताला अजून कोमट,
दिवसाला तीन ट्रॉल्या.
ट्रॅक्टर उलटा घ्यायचा काठापर्यंत, जॅक उचलायचा,
कणगीत जोंधळा ओतल्यासारखा आवाज.
खेपेला चाळीस रुपये सुटायचे.
लव्हाळा बुडाला त्या वर्षी थोरलीचं बारसं.
उरल्या पाण्यावर जलपर्णी आली, जांभळ्या फुलांची,
तर लोक म्हणाले, बघा, किती छान दिसूलंय.

या माघात मुजावर मॅडमनी माणसं गोळा केली :
जकाप्पा, भर्माची सून, कॉलेजची अकरा पोरं.
आणि ट्रॅक्टर कुणाचा? माझाच.
तीच वाळू, तीच ट्रॉली. या खेपेचे पैसे नाहीत.
कमरेएवढ्या चिखलातून जकाप्पानं विचारलं,
"तू घालूलतास तवा कोण अडवलं न्हाई काय रे तुला?"
नव्हतं अडवलं कुणी.
बोर्डावर वरची ओळ कुठल्या भाषेत,
यावर मात्र दोन बैठका झाल्या.
बोर्ड माझ्या गोठ्यात आहे, कोरा.
वासरू त्याला अंग घासतं.

दोन हातांवर जुना गाळ लागला.
मॅडमनी घमेलंभर काढून शाळेच्या ओट्यावर ठेवला,
पाणी घातलं. पेरलं काहीच नाही.
सतराव्या दिवशी केसासारखं काहीतरी वर आलं.
लव्हाळा, म्हणाल्या. आणि हे, बहुतेक, देवभात.
बी झोपलेलं असतं, म्हणाल्या.
मी गप्प. झोपलेलं की पुरलेलं,
ते मला विचारा.

आता वैशाख. खड्ड्यात पाझराचं गुडघाभर पाणी.
शेवटचा ढीग उचलायचा राहिला आहे,
आणि त्या ढिगावर, काळ्या वाळूत,
टिटवीनं चार अंडी घातली आहेत.
जागा तिनं निवडली. मी काय बोलणार.
बायको म्हणते, टिटवी वरडूलीया, बरं नव्हं.
माझ्या ट्रॅक्टरचा आवाज तिला लांबून कळतो,
डोक्यावर येऊन शिव्या घालते. घालू दे.

दुपारी वाळू तव्यासारखी तापते.
ती उठते, पाण्यात उतरते, पोट भिजवते,
तुरुतुरु परत येते
आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसते.
पुन्हा उठते.
मी बांधावर बसून खेपा मोजतो.