रविवार, साडेआठ

साडेआठची उपासना.
सातलाच मी ढोलकीच्या कड्या कसून
गवसणीत घालतो, जरा आवाज करत,
म्हणजे आतल्या खोलीत ऐकू जावा.
ताबिथा चादरीतून म्हणते,
"पप्पा, नको वाटालंय मला."

चादर माझ्याच मागावरची.
एका बाजूनं निळा मोर पिवळ्यावर,
दुसऱ्या बाजूनं पिवळा मोर निळ्यावर.
सतरावं लागलंय तिला,
आणि कुठल्या बाजूनं बोलावं ते मला कळत नाही.

उन्हाळाभर तिला नळानं साथ दिली.
आमच्या गल्लीत आठवड्यानं पाणी,
वार रविवार, वेळ नेमकी उपदेशाची.
कुणीतरी थांबायलाच हवं.
ती थांबायची. पिंप, हंडे, कळश्या, कुकरसुद्धा भरून ठेवायची,
शेजारच्या बोम्माबाईंचा ड्रमही.
मी परत येईपर्यंत अंगण ओलं
आणि तिचा चेहरा मोकळा.

जुलैत नळानं वार बदलला.

मग पोट दुखलं. मग परीक्षा. मग एका रविवारी काहीच नाही,
उठून बसली, केस तसेच, म्हणाली,
"मी तिथं नुसते ओठ हलवते, पप्पा.
आजूबाजूला सगळे गातात आणि मी ओठ हलवते.
खोटं नको वाटालंय."

मी चप्पल घातली.
त्या दिवशी पाळकसाहेबांनी दारातच विचारलं, "मुलगी दिसत नाही?"
"क्लास लागलाय तिचा," मी म्हणालो.
पाठीमागं सुलभाबाई चक्रनारायण होत्याच:
"आमचा इम्मानुएल बघा, ताप असला तरी येतो."
खांद्यावरची ढोलकी मी उगाच दुसऱ्या खांद्यावर घेतली.

माझ्या बापानं मला कानाला धरून नेलेलं.
मिलमधला माणूस, रात्रपाळी करून तसाच यायचा,
केसांत कापसाचे तंतू,
बाकावर बसल्या बसल्या झोपायचा
आणि मला चुळबूळ केली म्हणून चिमटा काढायचा.
माझाही कान आहे की तिला,
डावा, थोडा पुढं आलेला. जन्मली त्या दिवशी
पहिल्यांदा तोच दिसला होता.
हात गेला नाही.

एस्तेरची ड्यूटी सिव्हिलला, रविवार धरून.
तिला देवळात कुणी जाब विचारत नाही.
रात्री पाय कोमट पाण्यात सोडून म्हणाली,
"उचलून नेऊ नका तिला. पेशंट नाही ती."
मी म्हणालो, "मग कोण आहे?"
यावर ती बराच वेळ पाणीच हलवत राहिली.

आता असं ठरलंय, म्हणजे कुणी ठरवलं नाही:
ती मला स्कूटीवरून सोडते.
सात रस्त्याच्या गर्दीतून सफाईनं काढते गाडी,
मी मागं, मांडीवर ढोलकी,
लहान पोरासारखा.
फाटकाबाहेर लिंबाखाली उतरवते
आणि "साडेदहाला येते" म्हणून वळते.
आत माझ्या शेजारची जागा मी गवसणी ठेवून धरतो.
कुणी विचारलं तर आता म्हणतो, "यायचं नाही म्हणाली."
पहिल्यांदा म्हणताना घाम आला. मग नाही.

परवा तिसऱ्या गाण्याला माझी सम चुकली.
पेटीवाल्या थॉमसनं भुवई उचलली, तेवढंच;
बाकी मंडळी टाळ्यांच्या नादात,
कुणाच्या लक्षात आलं नाही.
आशीर्वाद झाला, बाहेर आलो.
ती गाडीवर बसलेली, हेल्मेट आरशाला अडकवलेलं,
सीटवर लिंबाची पानं पडलेली,
चारदोन नव्हे, बरीच.

"बसा," म्हणाली.
गाडी सुरू केली, रिक्षाला वाट दिली,
आणि मागं न बघता:
"तिसऱ्या गाण्यात काय झालं ओ पप्पा?"

मी म्हणालो, वादी ढिली झाली होती.
"हं," म्हणाली.
पुढं चौकात मटणाच्या दुकानाशी थांबलो,
अर्धा किलो घेतलं, चरबी कमी,
आणि पिशवी तिनं हँडलला लावली.