बाकी आठ

महात्मानगरच्या मैदानावर मॅच संपली
की पोरं आधी माझं टेबल उचलतात, मग मला.
आज म्हटलं थांबा, टोटल लागायची आहे.
एकोणतीस वर्षं प्रेसमध्ये शीटा मोजल्या मी, नाशिकरोडला.
एक शीट कमी भरली
तर कुणासाठीच गेट उघडत नसे.
ती सवय.

उमाकांत गायधनी येऊन उभा राहिला.
डावखुरा, मध्यमगती, सातपूरला लेथवर.
गुडघ्याला लाल माती, हातात कागदातला चिवडा.
"काका, माझी सरासरी किती झाली?"

सोपी असते रे.
दिलेल्या धावा वर, घेतलेले बळी खाली.
आकडा जितका लहान तितका तू मोठा.
वाइड तुझ्या खात्यावर, नो-बॉलही.
बाय नाही, तो कीपरचा प्रपंच.
लेगबाय नाही, ती बॅट्समनची मांडी.
रनआउट बॉलरच्या नावावर पडत नाही,
थ्रो तुझा असो की तुझ्या वडिलांचा.

त्यानं बोटांवर धरलं.
पहिली अठरात तीन, म्हणजे सहा.
तिसरी एकतीसला दोन, साडेपंधरा.
चौथी बारात चार, तीन.
आजची पंचवीसला एक, पंचवीसच.
"बेरीज करून चारानं भागू?"

नाही.
सरासऱ्यांची सरासरी काढायची नसते,
इथे आमचे सेक्रेटरीसुद्धा दरवर्षी घसरतात.
सगळ्या धावा एका पोत्यात, सगळे बळी दुसऱ्या,
मग एकच भागाकार.
आणि दुसरी मॅच कुठे गेली तुझी?

तो चिवडा चघळत राहिला.

दुसरी: चार ओव्हर, बावीस धावा, बळी नाही.
शून्यानं भागता येत नाही
म्हणून तिथे मी आडवी रेघ मारलेली.
रेघ बघून वाटतं, सुटलो.
सुटत नाही. बावीस धावा पोत्यात जातातच.

एकशे आठ.
"जपमाळ झाली की," टेबल धरलेला पोरगा म्हणाला.
"नाहीतर ॲम्ब्युलन्स," दुसरा.
भागिले दहा. दहा पॉइंट ऐंशी.
ओझरच्या विस्पुतेचे शहाऐंशीला आठ,
दहा पॉइंट पंचाहत्तर.
एवढ्याशा फरकानं
बक्षिसाचं भिंतीवरचं घड्याळ ओझरला चाललं.

"काका, ती दुसरी मॅच..."
एवढंच बोलला.
मला आठवते ती.
पांडवलेणीकडून वारं होतं,
बॉल पडायचा आणि मागून कुणी हाक मारल्यासारखा वळायचा.
तन्वीर कोकणीच्या ग्लोव्हजमधून दोन सुटले,
तो आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही,
जसं काही मीच लिहून ठेवणार होतो.
अकरा वेळा बॅट हुकली.
माझ्या वहीत हुकण्याला रकाना नाही.
अडवलेला बॉल टिंब, हुकलेला बॉलही टिंब.
त्या दिवशी पेन्सिलीनं
अकरा टिंबं मी जरा जाड केली होती.
नियमात बसत नाही ते.
त्याला दाखवली नाहीत.

नाइट शिफ्ट होती त्याची.
गाडीला दोनदा किक मारून म्हणाला,
"चला काका. बाकी काय?"

आठ, म्हटलं मी. दहानं भागलं तर बाकी आठ.
तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली,
ऐकू गेलं नसावं.
पोरं टेबलाचे दोन पाय धरून
केव्हाची उभी होती.