मंगळवारची लाट

सोमवारी रोसियोच्या चौकात पाइप फुटला.
पालिकेच्या माणसांनी अडीच लाटा उखडल्या
आणि निळ्या ताडपत्रीखाली
समुद्राचे दोन ढीग घातले,
काळ्या खड्यांचा एक, पांढऱ्यांचा एक.

आदेरितु मेस्त्री गुडघ्यांना रबर बांधतात.
म्हणतात, बिशपचे गुडघे माझ्यापेक्षा बरे असतील,
त्यांच्याखाली गादी असते.
डाव्या तळव्यावर खडा, उजव्या हातात हातोडी,
एक टिचका, फार तर दोन,
आणि कुठली बाजू खाली घालायची
ते खडाच सांगतो, म्हणतात.
मला अजून एकही बोललेला नाही.
मला फक्त मेस्त्री हाक मारतात,
घमेल्यातली वाळू संपली की. एलिझियु!
जणू मी पलीकडच्या काठावर उभा आहे.

लोक वर बघत चालतात.
चालेनात का, बघण्यासारखं आहेच.
टेकडीवर कार्मुचं चर्च, छप्पर भूकंपात गेलं
तेव्हापासून आभाळ पांघरून उभं.
नदीकाठच्या मोठ्या चौकाला
अजून राजवाड्याचं अंगण म्हणतात.
राजवाडा जाऊन अडीचशेच्या वर वर्षं झाली,
अंगणाला कुणी कळवलं नाही.
आणि इथं, हाकेच्या अंतरावर, सांव दोमिंगुश,
आगीनं सोललेले खांब तसेच ठेवून
छताला तेवढा भगवा रंग दिलेला.
माझी आई दर गुरुवारी तिथं मेणबत्ती लावते.
मी म्हटलं, एवढं जळलेल्या जागी पुन्हा विस्तव?
ती म्हणाली, मग काय अंधारात बसवू त्यांना?

म्हणतात, टाकीचे घाव सोसले
की दगडाला देवपण येतं.
इथल्या दगडाला येत नाही.
तो घाव सोसतो आणि पायाखाली जातो.
वरून बॅगांची चाकं, टाचा, कबुतरं,
आणि चेरीची दारू विकणाऱ्या दुकानासमोर
थुंकलेल्या बिया.

आज एक बाई पिवळी छत्री उंच धरून आली,
मागे तीसेक माणसं.
तिनं छत्री मिटली, टोक खाली टेकवलं
नेमकं त्या लाटेवर
जी मी मंगळवारी, डबा खायच्या आधी बसवली होती,
आणि सांगितलं: पावणेदोनशे वर्षं!
तीस फोन वाकले.
मी तोंड उघडलं,
मेस्त्रींनी नुसती हातोडी वर केली.

ती गेल्यावर म्हणाले, खोटं नाही बोलली ती.
मी बाविसाव्या वर्षी इथं बसलो,
हा कोपरा तेव्हापासून चारदा उकरलाय.
शेडमध्ये खिळ्याला लाकडी साचा आहे ना,
ती म्हणाली ते वय त्याच्या वळणाचं.
थोडं थांबून म्हणाले,
त्याचंही एक टोक मीच बदललंय.
पगार मात्र मंगळवारचाच मिळेल तुला.

तेवढ्यात घोळक्यातला एक मुलगा मागे राहिलेला दिसला,
दोन पायांत दोन रंगांचे मोजे.
एकाच जागी बुटाचं टोक दाबत होता,
दाबायचा, सोडायचा, दाबायचा.
मग माझ्याकडे बघून काहीतरी बोलला.
भाषा कळली नाही. पाय कळला.
मी गेलो, चिमूटभर वाळू सारली, तीन ठोके दिले.
त्यानं पुन्हा दाबून पाहिलं,
सरकारी साहेबासारखी मान हलवली
आणि पिवळ्या छत्रीच्या दिशेनं पळत सुटला.

संध्याकाळी घंटा वाजत होत्या,
मेस्त्री कारंज्यावर हात धूत होते.
मी विचारलं, तो हलणारा दगड
तुमचा होता की माझा?
हलत होता ना? मग तुझा.
आणि आता?
त्यांनी ओले हात विजारीला पुसले,
ताडपत्रीची दोरी ताणून पाहिली.
उद्या अर्धी लाट उरलीय, म्हणाले,
वाळू लवकर आण.