दोऱ्याची उंची

इथे आता झाड म्हणून उरलं नाही, ऑरिला.
नोव्हेंबरात रापाहॅनॉकच्या काठी उतरलो तेव्हा ओकचं रान होतं.
अर्धं जाळलं, अर्ध्याच्या भिंती केल्या,
फटींत व्हर्जिनियाचा लाल चिखल लिंपला.
धुराड्याला खारवलेल्या मांसाचं रिकामं पिंप, तळ फोडून.
जन्मभर पिंपांना तळ बसवत आलो,
फोडताना पाहिलं ते पहिल्यांदाच,
तेही माझ्याच हातून.

आठवड्यातून एकदा धुराडं पेट घेतं.
लायमन ओलं घोंगडं घेऊन छपरावर चढतो, शिव्या घालतो,
शेजारच्या झोपडीतले टाळ्या वाजवतात.

तू विचारलंस पोटभर मिळतं का. मिळतं.
बिस्किटं बंदुकीच्या दस्त्याने फोडतो,
कॉफीत टाकली की अळ्या वर येतात,
त्या चमच्याने काढायच्या, न बोलता.
पगार ऑक्टोबरपासून नाही.

लढाईचं लिहू नकोस म्हणालीस. लढाई नाहीच सध्या.
चिखल आहे.
गेल्या महिन्यात अख्खी फौज चिखलात निघाली
आणि चिखलातूनच परत आली,
खेचरं मानेपर्यंत रुतलेली सोडून.

नदी केवढी, तर आपल्या गिरणीच्या तळ्याएवढी.
रात्री पहाऱ्यावर पलीकडचा पोरगा खोकतो
तेही ऐकू येतं.
एझ्राने फळकुटाची होडी केली, वर्तमानपत्राचं शीड,
कॉफी भरून सोडली.
तंबाखू आली, वर चिठ्ठी:
साखर असेल तर बघा, आई आजारी आहे.
साखर होती आमच्याकडे.
वारा उलटा आहे, असं आम्ही एकमेकांना सांगितलं
आणि तंबाखू वाटून घेतली.

हिट्टीचे दोरे पोचले सगळे.
टाचेपासून टाळूपर्यंत, तू मोजून कापलेले.
बिछान्यापाशी खांब आहे, त्यावर चाकूने खुणा करतो.
सप्टेंबर. मग डिसेंबर, दोन बोटं वर.
त्या रात्री मी खुणेवर तळवा ठेवून बसलो होतो.
लायमनने विचारलं, काय चाललंय?
म्हटलं, लाकूड ओलं आहे का बघतोय.

आज फेब्रुवारीचा आला, निळा.
पत्र तू कागद वाचवायला उभं लिहून वर पुन्हा आडवं लिहिलंस,
आडव्या ओळी उभ्यांत अडकल्यात.
गाय विकली, की विकायची आहे?
घसा कुणाचा धरला होता?
पाद्री दोनदा येऊन गेले, ते कशाला?
त्याखाली ‘आता’ एवढं लागतं,
पुढचा शब्द दुसऱ्या ओळीखाली गेलाय.
कंदील जवळ घेतला. कागद उलटा धरला.
एझ्राला दाखवला, त्यालाही लागेना.

दोरा खांबाला लावला.
डिसेंबरच्या खुणेवर आला.
खाली सरकला असेल म्हणून पुन्हा लावला,
अंगठ्याने टोक दाबून.
त्याच खुणेवर.

थैली भिजून आली होती, हे सगळ्यांनी पाहिलंय.
ओलं लाकूड फुगतं, ओलं सूत आखडतं,
माझा धंदाच आहे हा.
थंडीत पोरं वाढत नाहीत, एझ्रा म्हणाला.
त्याला तीन आहेत.
मी दोरा दोन्ही हातांत धरून ताणला, जरासाच,
आणि खुणेच्या वर दोन बोटं सोडून
आणखी एक खूण केली.

पुढचं पत्र सरळ ओळीत लिही.
एका पानावर एकदाच.
कागद मी पाठवतो.