आलं, गेलं

सापडली शेवटी.
तीन मिनिटं अकरा सेकंद.
हेलसिंकीतल्या कुणीतरी गॅरेजमधल्या जुन्या कॅसेटवरून
उतरवून टाकलेली,
मोजून एकशे बेचाळीस जणांनी पाहिलेली.
एकशे त्रेचाळिसावी मी,
हेल्वे, वय बहात्तर, मुक्काम टालिन,
रात्रीचे दोन, पायात लोकरीचे मोजे,
चहा कधीचा निवलेला.

तीच ती. तोच स्टुडिओतला जिना.
पुठ्ठ्याचा असणार, ती उतरते तेव्हा किंचित हलतो.
हे तेव्हा दिसलंच नव्हतं.
तेव्हा आमच्याकडे ती मुंग्यांतून चालत यायची,
ऐंशी किलोमीटर खारं पाणी ओलांडून,
अर्धी ती, अर्ध्या मुंग्या,
आणि छपरावर एंडेल, माझा थोरला भाऊ,
स्कीच्या मोडक्या काठ्यांची अँटेना
दोन्ही हातांनी धरून.

'दिसतंय?'
'आलं! आलं… गेलं.'
'आता?'
'जरा बंदराकडे. हं. हलू नकोस.'
'हात गोठलेत गं.'
'गाणं संपू दे.'

सगळं दबक्या आवाजात,
कारण पलीकडचं बघणं बरं दिसत नसे
आणि खालच्या मजल्यावरच्या बाईचे कान तिखट.

त्या हिवाळ्यात सहा शनिवार ते गाणं लागलं.
सहाही वेळा तिसऱ्या कडव्याला त्याने हात बदलला.
दोन मिनिटांपलीकडे माणसाचा हात टिकत नाही त्या थंडीत,
त्याचा दोष नाही.
एक ओळ दर वेळी मुंग्यांनी खाल्ली.
त्या भोकात मग मी माझी ओळ बसवली:
बोट सुटली तर सुटू दे, मी पोहत येईन.
पावाच्या कारखान्यात रात्रपाळीला तीच म्हटली,
पिठाने पांढऱ्या झालेल्या पापण्यांनी.
लेम्बितशी लग्न करताना तीच.
त्याला मातीत ठेवून परतताना बसमध्येही
तीच ओठांवर आली, लाज वाटली,
पण आली.

आज मुंग्या नाहीत.
आज ओळ स्वच्छ, काच पुसल्यासारखी.
फिनिश म्हणजे आमच्या भाषेची मावसबहीण,
ऐकण्यात चूक व्हायची नाही.
तरी मागे नेलं. पुन्हा नेलं.
ती गाते आहे, डोळे मिटून, छातीवर हात ठेवून:
दुकान सहाला बंद होतं, येताना दूध घेऊन ये.

हसले मी. एकटीच, मोठ्याने.
मग बराच वेळ काहीच केलं नाही.
बोटीचं काय करायचं आता,
एवढं पोहून आल्यावर?

आणि झगा.
तेव्हा एंडेल खाली यायचा, तळवे काखेत खुपसून,
आणि एवढंच विचारायचा:
'कुठल्या रंगाचा होता?'
आमच्या टीव्हीला रंग नव्हते.
मी म्हणायचे, 'लाल.'
तो मान हलवायचा, मजुरी मिळाल्यासारखी.
ते गाणं त्याने एकदाही पाहिलेलं नाही.
मोहरीच्या रंगाचा निघाला झगा. विटका.

रविवारी पार्नूला गेले, त्याच्या वृद्धाश्रमात.
फोन धरला त्याच्यासमोर.
खिडकीतलं ऊन काचेवर आलं, त्याला काही दिसेना.
'इकडे,' तो म्हणाला, 'नाही, फार झालं.'
माझा हात भरून आला.
धरून राहिले.

सुतारकाम केलेला माणूस.
आधी म्हणाला, 'जिना खोटा आहे.'
मग म्हणाला, 'लाल म्हणाली होतीस.'
'हो,' मी म्हटलं.
गाणं संपलं, कानयंत्राची जाहिरात लागली,
तीही त्याने पूर्ण पाहिली.
बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं.

मग माझ्या पिशवीकडे बघत म्हणाला,
'दूध आणलंस?'

गाण्यातलं की खरंच, मला कळलं नाही.
होतं पिशवीत.
काढून दिलं.