आठनंतरचा स्वल्पविराम

नारीनचं टेलिफोन एक्स्चेंज, फेब्रुवारी अठ्ठ्याण्णव.
रेडिएटर फुटलेला, पेनातली शाई घट्ट.
हातमोज्यांची बोटं कापून
मी रॅकचे स्क्रू आवळतोय.
एक राउटर, दोन मोडेम,
आणि बिश्केकच्या साहेबांचा कागद:
काम दोन तासांचं.

खिंडीपलीकडल्या हवामान केंद्राचे आकडे
(बर्फाची जाडी, वारा, पारा किती उतरला)
आजवर झूराकान-एजे फोनवर वाचून दाखवायची,
सकाळी सहा, संध्याकाळी सहा,
आकडा, आणि मग तोच आकडा पुन्हा.
आता हे डबडं वाचणार.
ती कोपऱ्यात चहा उकळत बसलेली.
रागावलेली नव्हती,
निदान तसं दाखवत तरी नव्हती.

आठ बारीक स्विच, उंदराच्या दातांसारखे,
पेनच्या टोकानं वर, खाली, खाली, वर.
केबल खोचली.
एटी, मी लिहिलं.
ओके, ते म्हणालं.
माणूस कुणी इतक्या पटकन हो म्हणत नाही.

मग गुपित ठरवायचं.
दोन्ही टोकांना तेच, अक्षरन् अक्षर,
आणि गंमत अशी की ते तारेवरून जातच नाही,
जातो फक्त ते ठाऊक असल्याचा पुरावा.
हे मी एजेला मोठ्या कौतुकानं समजावलं.
ती म्हणाली, यात नवीन काय?
तीस वर्षं मी या गावाचे फोन जोडलेत.

डायल केलं. सूर उमटले, अगदी स्वच्छ,
आणि पलीकडे कुणी नाही.
पुन्हा. पुन्हा कुणी नाही.
चौथ्या तासाला मी मॅन्युअल
मागून पुढे वाचू लागलो, तेव्हा एजे उठली,
रिसीव्हर कानाला लावला, आणि हसली.
"गाणं कुणाला म्हणून दाखवतोस, बाळा?
आमच्या एक्स्चेंजला सूर कळत नाहीत.
त्याला दारावरची टकटक कळते."

खटके! जुन्या चकतीचे खटके.
एक अक्षर बदललं, टीच्या जागी पी,
तशी आतल्या खोलीत जुनी यंत्रं
खड् खड् खड् पायऱ्या चढू लागली
आणि आठवर येऊन अडली.

"आठ फिरवला की थांबायचं.
ती गावाबाहेरची ओळ.
आधी कूस बदलते, मग हं म्हणते.
तो हं ऐकल्याशिवाय
पुढचा आकडा सांगू नये."

मी आठनंतर स्वल्पविराम टाकला.
एक स्वल्पविराम म्हणजे दोन सेकंद.
तिनं मान हलवली:
"थंडीत उशिरा उठते ती."
दुसरा टाकला.

खरखर, शीळ,
भांड्यांची उतरंड कोसळावी तसं काहीतरी,
मग शांत.
दिवे हिरवे.
बर्फ एकशे बारा सेंटिमीटर
बिश्केकला पोचला,
कुणी दोनदा न सांगता.

एकच आकडा उरला होता:
किती वेळ कुणी बोललं नाही तर ओळ तोडायची.
कागदावर होतं, एकशेवीस सेकंद.

एजे म्हणाली, एक बाई यायची,
पोरगा पलटणीत, कुठं लांब.
पैसे भरायची दहा मिनिटांचे,
त्यातली नऊ दोघं गप्प.
मी ऐकत असायची ना. श्वास यायचे.
कधी तोडली नाही.

मिनिटाचे पैसे पडतात, एजे, मी म्हणालो.
तेव्हाही पडायचेच, ती म्हणाली,
आणि पेला विसळायला गेली.

मी एकशेवीसच लिहिलं. सेव्ह केलं.

संध्याकाळी सहाला ती सवयीनं
खुर्चीत येऊन बसली, हात मांडीवर.
यंत्रानं आपणहून आठ फिरवला
आणि थांबलं.
त्या चार सेकंदांत मी पाहिलं,
एजेचे ओठ हलले:
हं.